टकलाची कुळकथा

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे निवडण्याचे काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले. पन्नास वर्षांतील कार्यकारिणीची चित्रे टेबलावर क्रमाने मांडली, तेव्हा मंडळाच्या इतिहासाबरोबर आणखी एक इतिहास आमच्या डोळ्यांपुढे उलगडला. पहिल्या गणेशोत्सवाच्या चित्रात दाट केसांचा भांग पाडून उभे असलेले कार्यकर्ते पुढे दशकागणिक कपाळ विस्तारीत गेले आहेत. रौप्यमहोत्सवाच्या चित्रात तर पहिल्या रांगेने छायाचित्रकाराच्या दिव्याला चांगलीच साथ दिली आहे. आमची स्वतःची गत याहून निराळी नाही, हे वाचक जाणतातच.

परमुलखात आलेल्या मराठी घरांत या दुखण्याचे निदान ठरलेले असते : "इथलं पाणी बाधलं." आम्हीही पंचविशीत, पहिल्याच बदलीच्या गावी, तेच मानले. पाणी उकळून पाहिले, तेले बदलली, एका तेलविक्याच्या शब्दावर विसंबून तुटपुंज्या पगारातील बरीचशी रक्कम घालविली. याच सुमारास जुळत आलेली एक सोयरीक मोडली आणि त्याचे खापर आम्ही आमच्याच डोक्यावर फोडून घेतले. हे सारे विस्मरणात गेले होते. परंतु गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांच्या कपाळानेही तीच वाट धरली आणि ते कोणालाही न विचारता कसल्याशा गोळ्या घेत असल्याचे उघडकीस आले. तेव्हा आम्ही या विषयाचा इतिहास वाचावयास बसलो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, वैद्यकाचे नव्हे; तरी जे समजले ते येथे मांडीत आहोत.

टक्कल मनुष्याइतकेच जुने आहे. भर्तृहरीच्या नीतिशतकातील दैवहत खल्वाट आपल्या परिचयाचा आहे. सुश्रुतसंहितेत खालित्याची मीमांसा आहे : वातासह पित्त रोमकूपांत शिरून केस गाळते आणि मग कफ व रक्त ती छिद्रे रोधून धरतात, म्हणून नवा केस उगवत नाही. आजचे शास्त्र ही कारणे मानीत नाही. परंतु दोष केसात नसून केसाच्या मुळाच्या कूपात आहे, ही नजर खरोखर कौतुकास्पद होय. तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रेटीसच्या सूत्रांत, षंढांना टक्कल पडत नाही, असे निरीक्षण नमूद आहे; अॅरिस्टॉटलनेही तेच नोंदविले. धागा हाती आला होता, पण तो उकलण्यास दोन सहस्रकांहून अधिक काळ जावा लागला.

विसाव्या शतकात संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोनांचा, शोध लागला. १९३१ साली जर्मनीत बुटेनांट यांनी हजारो लिटर मूत्रातून पुरुषी संप्रेरकाचे अवघे काही मिलिग्रॅम वेगळे काढले. १९३५ साली टेस्टोस्टेरॉन हाती आले. पुढे अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली आपला गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. वयात येण्यापूर्वी वृषणे निकामी झालेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे त्यांनी दाखविले. अशांपैकी काहींना टेस्टोस्टेरॉन दिले, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस गळू लागले. ज्यांच्या घराण्यात नव्हते त्यांचे शाबूत राहिले. औषध थांबविताच गळणे थांबले, पण गेलेले केस परतले नाहीत. निष्कर्ष स्पष्ट होता : संप्रेरक, आनुवंशिकता आणि वय या तिघांची मोट बांधली जाते तेव्हाच टक्कल पडते.

मग टकलाच्या माणसात पुरुषी संप्रेरक अधिक असते काय? तसे नाही. रक्तातील प्रमाण पाहता टकलू आणि केसाळ यांत सहसा फरक आढळत नाही. भेद आहे तो कूपाच्या प्रतिसादात. सरकारी कचेरीतील दृष्टांत द्यावयाचा तर परिपत्रक सर्व शाखांना एकच जाते. अंमल मात्र ते उघडून वाचणारा कारकून ज्या शाखेत असेल तेथेच होतो. हा कारकून म्हणजे पेशीतील ग्राही, अर्थात रिसेप्टर. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कचे ऑरेन्ट्राइश यांनी डोक्याच्या मागील बाजूचे केस टकलावर रोवले, तेव्हा ते तेथेही वाढतच राहिले. स्थान बदलले, स्वभाव बदलला नाही.

पुढचा दुवा अनपेक्षित ठिकाणी सापडला. डोमिनिकन प्रजासत्ताकातील सालिनास या खेड्यात काही बालके मुली म्हणून वाढत आणि वयात येताना पुरुष होत. १९७४ साली ज्युलियान इम्पेरातो-मॅकगिनली व त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधले. टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रबळ द्रव्यात रूपांतर करणारे विकर त्यांच्यात उणे होते. या पुरुषांची दाढी विरळ, प्रोस्टेट ग्रंथी लहान आणि कपाळावरील केसांची रेषा मात्र अढळ. म्हणजे केसांचा खरा वैरी ते रूपांतरित द्रव्य. ते ग्राहीला घट्ट बिलगते. मग केसाचा वाढीचा काळ आखूड होत जातो आणि दर फेरीला केस बारीक होत अखेर लव उरते. गंमत अशी की, हेच द्रव्य हनुवटीवर दाढी वाढविते!

या ज्ञानातून ते विकर रोखणारे फिनास्टेराइड निघाले. अमेरिकेत १९९२ साली ते प्रोस्टेटसाठी व १९९७ साली टकलासाठी मान्य झाले. ते सोडताच त्याचा गुण ओसरतो आणि काहींच्या कामजीवनावर विपरीत परिणाम होतो. म्हणून वैद्यकीय सल्ल्याविना ते घेणे आम्ही अविचार मानतो. चिरंजीवांनी खिशातून काढून दाखविलेल्या गोळ्या याच होत्या.

राहता राहिला घराण्याचा वाद. ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, आणि ते मुलाला आईकडून मिळते. २००१ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी या जनुकाचा टकलाशी संबंध दाखविला. हे वाचताच आम्ही विजयी मुद्रेने सौभाग्यवतींकडे पाहिले, कारण त्यांच्या वडिलांनाही चांगलेच टक्कल होते. "अहो, पुढचं पण वाचा की," त्या म्हणाल्या. पुढे होते की, इतर गुणसूत्रांवरील अनेक जनुकांचाही यात हात असतो, आणि ती उभय कुळांकडून येतात. खटला तडजोडीने निकालात निघाला.

चिरंजीवांना हे सारे आम्ही एका रात्री सांगितले. मोडलेली सोयरीकही प्रथमच सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबा, हे आधी का नाही सांगितलंत?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी ते आमच्यासह त्वचारोगतज्ज्ञांकडे आले. औषध घ्यावयाचे की नाही, हे आता ते समजून-उमजून ठरवितील.

या शहराच्या पाण्याची मात्र आम्ही क्षमा मागतो. पन्नास वर्षे आपण त्याला बोल लावला. वस्तुतः हे टक्कल गोड्या मसाल्याच्या डब्याबरोबर आणि देवघरातील टाकांबरोबर आपण गावाहूनच आणले होते. सुवर्णमहोत्सवाच्या चित्रासाठी चिरंजीव टोपीशिवाय उभे राहिले आहेत. ते चित्र याच स्मरणिकेत आहे. दुसऱ्या रांगेत, आमच्या शेजारी.