फ्लॉपीचं सोंग घेतलेली तबकडी

‘विंडोज मारून दे’ म्हटलं की दुरुस्तीवाला पोरगा पिशवीतून सीडींचं पाकीट काढायचा. मार्करनं खरडलेली एक तबकडी ट्रेमध्ये सरकवायची, काळ्या पडद्यावर ‘प्रेस एनी की टु बूट फ्रॉम सीडी’ उमटलं की चटकन कुठलंही बटण दाबायचं. क्षणभर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

यातला ‘बूट’ पायातलाच. डिस्क वाचायची तर वाचायचं कसं ते सांगणारा प्रोग्रॅम आधी मेमरीत हवा, आणि तो असतो डिस्कवरच. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप! आपल्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलावं, तसा हा प्रकार. म्हणून १९५०च्या दशकातल्या संगणकवाल्यांनी त्याला ‘बूटस्ट्रॅप’ म्हटलं. पुढे नुसता ‘बूट’ उरला.

फ्लॉपीचा तर जन्मच या कामासाठी झाला. आयबीएमच्या सिस्टिम/३७० यंत्रांची नवी मेमरी वीज गेली की सगळं विसरायची. तिला दर वेळी पहिले धडे भरवायला १९७१मध्ये आठ इंची, जेमतेम ८० केबीची फ्लॉपी आली. तिच्यावर लिहिता यायचं नाही, फक्त वाचता यायचं. फायली ठेवणं हा नंतरचा उद्योग. पुढे पीसी सुरू होताच पहिल्यांदा जागा होणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे बायोसलाही, एवढंच शिकवलं: फ्लॉपीचे पहिले ५१२ बाइट उचल, मेमरीत ठेव, कारभार त्यांच्या हाती दे.

मग सीडी आली आणि पेच पुन्हा तोच. सीडी वाचणारा ड्रायव्हर सीडीवर असून काय उपयोग? म्हणून विंडोज ९५च्या सीडीबरोबर एक बूट फ्लॉपी लागायची, आणि ती ऐन वेळी हमखास खराब निघायची.

तोड निघाली १९९५मध्ये. फिनिक्स आणि आयबीएम यांनी ठरवलेल्या त्या पद्धतीचं नाव ‘एल टोरिटो’. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनमधल्या याच नावाच्या मेक्सिकन हॉटेलात ही कल्पना सुचली, असं सांगतात. युक्ती बहुरूप्याची आहे. सीडीवर फ्लॉपीची हुबेहूब प्रत ठेवायची आणि बायोसनं तीच खरी फ्लॉपी मानायची. सीडी ‘ए’ ड्राइव्ह होऊन बसते, खऱ्या फ्लॉपीला ‘बी’वर सरकावं लागतं. फ्लॉपीची प्रत न ठेवता थेट सुरू व्हायची सोयही त्यात होती. नंतरच्या बऱ्याच सीडी तशाच निघाल्या.

हे सगळं कुठे आहे त्याची खूण सीडीवर ठरलेल्या जागी असते: २०४८ बाइटांचा एक खण, शून्यापासून मोजत गेलं की १७ वा. त्याआधीचे पहिले सोळा खण सीडीच्या मानकात मोकळे सोडलेले. लिनक्सवाल्यांनी ती रिकामी जागा हेरली आणि तिथे हार्ड डिस्कचा मुखवटा बसवला, कारण पेन ड्राइव्हला बायोस हार्ड डिस्कच समजतो. त्यामुळे सीडीची अख्खी प्रत असलेली तीच आयएसओ फाइल सीडीवर उतरवा नाहीतर पेन ड्राइव्हवर, दोन्हीकडून मशीन सुरू होतं. मला तरी या सगळ्या कथेतली ही सर्वांत चलाख चाल वाटते.

तेव्हा आयएसओ सीडीवर नुसती कॉपी करू नका, ‘बर्न इमेज’ करा. कॉपी केलीत तर तो १७ वा खण भलतीकडेच जाऊन पडतो. तबकडी उघडल्यावर आत एकच आयएसओ फाइल दिसली, तर ती कबुतरं हाकायला गॅलरीत टांगा.