गाठ आवरली, पण हृदयाचं काय?

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत पसरला की डॉक्टर बहुतेकदा ‘हार्मोनचं इंजेक्शन’ सुरू करतात. तुमच्या घरात कुणी ते घेत असेल, तर या उपचाराचा इतिहास जरूर वाचा. तो जितका कॅन्सरचा आहे, तितकाच हृदयाचाही आहे.

सुरुवात १९४१ची. शिकागो विद्यापीठातल्या चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिलं की टेस्टोस्टेरॉन ही या कॅन्सरची रसद आहे. वृषणं काढून ती तोडा किंवा इस्ट्रोजेन देऊन दाबा, रोग मागे सरतो. हगिन्स यांना यासाठी १९६६ साली नोबेल मिळालं. इस्ट्रोजेनही हाताशी होतं. चार्ल्स डॉड्स आणि सहकाऱ्यांनी १९३८ मध्ये इंग्लंडात बनवलेलं, गोळीतून देता येणारं डीईएस.

मग १९६० मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी मिळून एक मोठी चाचणी सुरू केली. काही रुग्णांना रोज ५ मिलिग्रॅम डीईएस, काहींना औषध नसलेली गोळी. १९६७ साली निकाल छापून आला. कॅन्सरने होणारे मृत्यू घटले होते, पण हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे वाढले होते. एकूण आयुष्याचा हिशेब मांडला, तर कमाई जवळपास शून्य!

इथे जरा थांबा. संशोधकांनी फक्त कॅन्सरचे मृत्यू मोजले असते, तर हेच औषध यशस्वी ठरलं असतं. त्यांनी प्रत्येक मृत्यू मोजला, म्हणून खरी गोष्ट कळली.

असं का झालं? गोळीतलं इस्ट्रोजेन आतड्यातून थेट यकृतात पोचतं आणि तिथे रक्त गोठवणाऱ्या घटकांचा तोल बिघडवतं. गुठळ्या होतात. पुढच्या चाचणीत १ मिलिग्रॅमनेही कॅन्सर तितकाच आवरला, हृदयाचा धोका मात्र ५ मिलिग्रॅमइतका दिसला नाही.

दरम्यान १९७१ मध्ये अँड्र्यू शॅली यांच्या गटाने मेंदूतून पिट्युइटरीला हुकूम देणाऱ्या हार्मोनची रचना उलगडली. त्यावरून बनलेलं ल्युप्रोलाइड अमेरिकेत १९८५ मध्ये मंजूर झालं. डीईएसपेक्षा हृदयाला ते सोपं, म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. पण टेस्टोस्टेरॉन गेलं की चरबी वाढते, स्नायू झिजतात, साखर चढते. २००६ मध्ये ७३ हजारांहून जास्त ज्येष्ठ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांचा रोग दूरवर पसरलेला नव्हता. तरीही या इंजेक्शनांसोबत मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळले. २०१० मध्ये अमेरिकी औषध नियामकाने तसा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावला.

२०२० मध्ये रेलुगोलिक्स ही गोळी आली. तिच्या चाचणीत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू २.९ टक्के रुग्णांत घडले, ल्युप्रोलाइडच्या गटात ६.२ टक्क्यांत. प्रश्न सुटला? नाही. चाचणीचा मुख्य प्रश्न हृदयाचा नव्हताच. हृदयावरच बेतलेली, डेगारेलिक्स या त्याच जातीच्या औषधाची चाचणी मुदतीआधीच थांबली आणि तिच्यात फरक दिसला नाही.

म्हणून इंजेक्शन सुरू असेल तर ते मनाने बंद करू नका. रसद तोडणं गरजेचंच आहे. पण पुढच्या भेटीत पीएसएच्या रिपोर्टबरोबर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलचंही विचारा. पूर्वी हृदयाचा त्रास झाला असेल, तर तो आवर्जून सांगा. मोजणी पूर्ण व्हायला हवी, हे १९६७ पासून आपल्याला माहीत आहे.