कारंज्याच्या पेटींतील कॅसेटी

वऱ्हाडांतील जुन्या संग्रहांचा विषय निघाला कीं कारंजें (लाड) हें नांव संशोधकांच्या तोंडीं प्रथम येतें. डॉ. हिरालाल जैन यांनीं 'णायकुमारचरिउ' (१९३३) व 'करकंडचरिउ' (१९३४) हे अपभ्रंश ग्रंथ संपादून तेथीलच ग्रंथमालांतून प्रसिद्ध केले, हें आमच्या वाचकांस विदित आहेच. आम्ही तेथें गेलों तेही पोथीच्याच शोधांत. एका जुन्या अडत्याच्या घरीं भागवताची सटीक पोथी आहे असें कळलें होतें. पोथी निघाली ती शिळाछापावरची, म्हणून तिचा विषय येथेंच संपवितों. परंतु त्याच माळ्यावर एका पत्र्याच्या पेटींत, जमाखर्चाच्या वह्यांखालीं, एक्केचाळीस कॅसेटी होत्या. घरच्या वडिलांस गाण्याचा नाद होता. स्वतःच्या दिवाणखान्यांत व आसपासच्या गांवीं झालेल्या बैठकी ते टू-इन-वन यंत्रावर घेत असत. घर विकावयाचें ठरलेलें असल्यामुळें पेटी भंगारांत जाणार होती. चिरंजीवांनीं ती आमच्या हवालीं केली, आणि पोथीची चौकशी करावयास आलेला मनुष्य हीं अडगळ कां नेतो याचें त्यांस नवल वाटलें.

तें नवल आमच्या वाचकांसही वाटण्याचा संभव आहे, म्हणून थोडा खुलासा करितों. ग्रामोफोन कंपनीचे गाइसबर्ग हे १९०२ सालीं कलकत्त्यास आले व हिंदुस्थानी गायनाच्या तबकड्या निघूं लागल्या. परंतु ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मावत. जो राग बैठकींत तासभर चालावयाचा, त्याचा अर्क तेवढा तबकडींत उतरे. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले; त्यांचें गाणें कसें होतें हें आज आठवणींवरूनच समजून घ्यावें लागतें. गाणें बैठकींत प्रत्यक्ष कसें उलगडत असे, गवई कोठें थांबे, श्रोते कोठें दाद देत, तबलजीशीं काय बोलणें होई, हें सांगणारा पुरावा आकाशवाणीच्या कांहीं मुद्रणांखेरीज मुख्यतः हौशी मंडळींनीं घेतलेल्या टेपांतच आहे. वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) यांचा जन्म मूर्तिजापूरचा, म्हणजे जेथून शकुंतला रेल्वे कारंज्यास येत असे तेथला. त्यांच्या मैफलींचीं खासगी मुद्रणें रसिकांच्या हातोहात फिरत आलीं आहेत, आणि तबकड्यांवरून त्यांची ओळख झालेल्यास तीं ऐकून वेगळाच गवई भेटतो. हा प्रकार आपल्याकडचाच आहे असें नव्हे. विलायतेंत व अमेरिकेंत १९७६ नंतर 'न्यू वेव्ह' नांवाचा जो गानप्रवाह उठला, त्याच्याही जलशांचीं श्रोत्यांनीं यंत्र लपवून घेतलेलीं मुद्रणें आज मोलाचीं ठरलीं आहेत. 'ग्रेटफुल डेड' या अमेरिकन वाद्यवृंदानें तर १९८४ पासून अशा श्रोत्यांस बसावयास निराळी जागाच नेमून दिली.

आतां पेटीकडे वळूं. हस्तलिखिताच्या शेवटीं पुष्पिका असते. लेखक, लेखनकाल, स्थळ हें तींत सांपडतें. कॅसेटीवरील चिठ्ठी ही तिची पुष्पिका, आणि बहुतेक पुष्पिकांइतकीच ती अपुरी असते. एका कॅसेटीवर केवळ 'बुवा – जन्माष्टमी' एवढेंच लिहिलेलें होतें. साल नाहीं. या कॅसेटीचा काल कसा लागला तें विस्तारानें सांगतों, कारण पोथ्यांत मुरलेल्या वाचकास ही रीत अपरिचित वाटणार नाहीं.

दुसऱ्या बाजूस भैरवी संपते, मंडळी उठूं लागतात, कोणी पानाचें तबक मागतो, आणि यंत्र बंद केल्याचा खट्ट असा आवाज होतो. त्याच्या पुढें लगेच, वाक्याच्या मध्येंच, रेडिओवरील बातम्या सुरू होतात. त्या विनोबांच्या निधनाच्या आहेत. विनोबा पवनार येथें १५ नोव्हेंबर १९८२ रोजीं निवर्तले. आतां प्रश्न असा कीं कोणता थर आधींचा? बातम्या मागाहून घेतल्या असत्या तर त्यांच्या आरंभीं यंत्र सुरू केल्याची खूण असती आणि गाणें किंवा बोलणें मध्येंच तुटलें असतें. येथें उलट आहे: बैठक आपोआप संपली आहे व बातमीचें वाक्य शेंडा तुटलेलें आहे. तस्मात् बातम्या खालच्या, बैठक वरची. म्हणजे बैठक विनोबांच्या निधनानंतरची. दुसरी मर्यादा घरच्यांनीं दिली. पान मागणारा आवाज त्यांच्या आजोबांचा, आणि ते १९८६ च्या उन्हाळ्यांत वारले. तेव्हां १९८३, १९८४ व १९८५ यांपैकीं एका वर्षींची ही जन्माष्टमी. तिघांपैकीं कोणती हें ठरत नाहीं, आणि आम्हीं सूचींत तसेंच लिहिलें आहे.

पाठशुद्धीचाही प्रश्न येतो. लेखकाच्या हातून जसे अक्षरदोष होतात, तसा यंत्राच्या गतीमुळें स्वरदोष होतो. एका मुद्रणांत गवयाचा षड्ज काळी एक व पांढरी दोन यांच्या मधोमध पडत होता. साथीस पेटी आहे. पेटीचे सूर दोन पट्ट्यांच्या मध्यें बसत नाहींत. विजेवर चालविलेल्या यंत्राची एक बारीक गुणगुण टेपवर उतरते. ती आपल्याकडे सेकंदास ५० कंपनांची असावयास पाहिजे. आमच्या यंत्रावर ती ५१.५ भरली, म्हणजे टेप शेंकडा तीन जलद चालत होती. तितकी गति कमी करितांच षड्ज काळी एकवर येऊन बसला. त्या काळीं विजेचीं कंपनें नेहमीं ठीक ५० नसत, म्हणून एकट्या गुणगुणीवर आम्हीं विसंबलों नसतों. परंतु गुणगुण व पेटी हे दोन स्वतंत्र साक्षी एकच सांगतात तेव्हां तें मानावें. जेथें दोन निरनिराळ्या गुणगुणी ऐकूं येतात तेथें ती प्रतीची प्रत आहे, मूळ नव्हे, असा संशय घ्यावा.

वाशीम हें प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा अर्धा संस्कृत व अर्धा प्राकृत असा ताम्रपट १९३९ सालीं तेथें सांपडला व सोळाशें वर्षांनीं वाचतां आला. कॅसेटीस असें आयुष्य नाहीं. फितीवरील लोहाचें चूर्ण ज्या चिकाटींत बसविलेलें असतें ती दमटपणानें सुटते. पावसाळ्यांत बुरशी धरते. आणि वऱ्हाडचा वैशाख पत्र्याच्या पेटींत काय करीत असेल तें सांगावयास नकोच. त्यांतही ९० मिनिटांच्या कॅसेटीची फीत ६० मिनिटांचीपेक्षां पातळ असते, ती आधीं ताणली जाते. जैन परंपरेंत शास्त्रदान म्हणून ग्रंथांच्या प्रती करवून देण्याची चाल होती, आणि भांडारें टिकलीं त्यांत या चालीचा मोठा वांटा आहे. टेपची प्रत मात्र प्रत्येक पिढीस मलिन होत जाते. यास उपाय एकच, मूळ फितीवरून एकदां चांगली अंकीय प्रत करणें. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह-संघ २४ बिट व सेकंदास निदान ४८,००० नमुने, शक्य तर ९६,०००, असें प्रमाण सांगतो. प्रत करितांना खरखर काढूं नये; ती काढावयाची तर दुसऱ्या प्रतींत. मूळ कॅसेट टाकूं नये.

हें आम्ही उपदेशाच्या अधिकारानें लिहीत नाहीं. १९८४ सालीं आम्ही शाळेंत नवे होतों. मुलांस शब्दरूपें म्हणून दाखविण्यासाठीं कोरी कॅसेट मिळेना, तेव्हां एका स्नेह्यानें दिलेल्या कीर्तनाच्या कॅसेटीवर आम्हीं रामशब्द व हरिशब्द चालविले. कीर्तनकार पुढें दोन वर्षांनीं वारले. त्यांचें दुसरें मुद्रण आमच्या ऐकिवांत नाहीं. खरवडलेल्या कागदावर जुनी शाई तिरप्या उजेडांत दिसते. येथें यंत्र लिहिण्याच्या आधींच पुसून घेतें. ती कॅसेट आमच्याजवळ आहे. वर सांगितलेल्या बातम्यांप्रमाणें तिच्या शेवटीं कांहीं राहिलें असेल म्हणून आम्हीं ती अखेरपर्यंत ऐकली. हरिशब्दाच्या सप्तमीनंतर अर्धें मिनिट टाळ वाजतात, आणि फीत संपते.

हक्कांविषयीं दोन शब्द. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यांत कलाकारांचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीनें आले व १९९९ सालीं त्यांची मुदत ५० वर्षें झाली. अभ्यासासाठीं प्रत जपून ठेवणें निराळें व ती लोकांत वांटणें निराळें. आम्हीं ज्या गवयांचे वारस सांपडले त्यांस पत्रें घातलीं. दोघांनीं उत्तरीं प्रत मागितली व ती पाठविली. १९८२ सालीं स्थापन झालेलें गुरुग्राम येथील मानववंश-संगीत संग्रहालय व १९९० पासून मुंबईस काम करणारी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' यांच्या कार्याकडेही संग्राहकांनीं लक्ष द्यावें.

एक्केचाळिसांपैकीं तेहतीस कॅसेटींची प्रत झाली. तिघींची फीत तुटलेली होती, ती सांधून ठेविली आहे. उरलेल्या पांचांस बुरशी आहे; त्या उन्हाळा सरेपर्यंत उघडूं नयेत असा जाणत्यांचा सल्ला पडला. त्यांतील एकीवर 'वाशीम, बालाजी' एवढींच अक्षरें लागतात. वाशीमच्या बालाजी मंदिराच्या परिसरांत झालेल्या गाण्याबजावण्याचीं जुनीं निमंत्रणें, हस्तपत्रकें वा वह्या कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं मंडळाच्या पत्त्यावर कळवावें. पत्रिकेची नक्कलही चालेल.