समोरची काच आणि छप्पर उतरविलेल्या फोर्ड मोटारी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मोटारीच्या इतिहासात इंजिनाला जेवढे स्थान मिळाले, तेवढे काचेला मिळालेले नाही. वस्तुतः १९३० व १९४० च्या दशकांत अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात तरुणांनी जुन्या फोर्ड मोटारींची जी फेरबांधणी केली, तिची मर्यादा बऱ्याच अंशी विंडशील्डनेच ठरविली. म्यूरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या पात्रात वेगाच्या शर्यती होत. वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून छपराचे खांब काही इंच कापून छप्पर खाली आणले जाई. साहजिकच मूळ काच बसेनाशी होई.

ही काच साधी नव्हती. फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांनी १९०९ मध्ये दोन काचांमध्ये सेल्युलॉइडचा थर असलेल्या काचेचे पेटंट घेतले. फोर्डच्या मॉडेल ए मोटारीत समोर अशीच लॅमिनेटेड काच आली. तथापि ती अभेद्य नव्हती. १९३० मध्ये खडा लागून उडालेल्या काचेच्या कणाने एका खरेदीदाराचा डोळा गेला. ‘बॅक्स्टर विरुद्ध फोर्ड’ या खटल्यात वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३२ मध्ये कंपनीची छापील आश्वासने पुरावा म्हणून ग्राह्य मानली. फेरबांधणी करणारा कारागीर मात्र असे कोणतेही आश्वासन न देता तीच काच कापत होता!

सपाट लॅमिनेटेड काच कापता येते. दोन्ही बाजूंनी एकाच रेषेवर चरा पाडून प्रत्येक थर तडकवायचा, मग मधला पापुद्रा ऊब देऊन पात्याने कापायचा. टफन्ड काचेबाबत हे अशक्य. चरा खोल जाताच तिचे दाणे होतात. मॉडेल ए आणि १९३२ ची फोर्ड यांची काच सपाट, जवळजवळ उभी व स्वतंत्र चौकटीत होती, हे कारागिराचे भाग्यच. खरी अडचण बसविताना येई. कापलेले खांब जोडताना चौकट किंचित पिळली, तर रबरी पट्टीत बसविलेल्या काचेवर ताण राहतो आणि काही दिवसांनी कडेपासून तडा जातो. म्हणून आधी चौकट सरळ करून मग पुठ्ठ्याचा साचा घेणे आणि काचेच्या कडा घासून गुळगुळीत करणे आवश्यक ठरते.

महायुद्धानंतर वक्र काच रूढ झाली आणि हे गणित बिघडले. वक्र पृष्ठावर दोन्ही थर एकाच रेषेत तडकतीलच असे नाही. परिणामी काहींनी काच न कापता ती मागे कलती केली किंवा खाली उतरविली. काहींनी वाळूच्या झोताने ती झिजवून कापली. १९६८ पासून अमेरिकेत काचेसाठी केंद्रीय मानक क्रमांक २०५ लागू झाले. त्यामुळे समोरच्या काचेवरील ‘एएस-१’ ही खूण कापताना गमावणे परवडत नाही.

सेल्युलॉइडच्या जुन्या काचा पिवळ्या पडल्याने आज मूळ काच क्वचितच उपयोगी पडते. सपाट काच असल्यास नवी काच साच्यावरून कापून मिळते. वक्र काचेसाठी मात्र अनुभवी कारागीर एक फुटणार हे गृहीत धरून दोन मागवितो.