जुनी पेन्शन, एनपीएस, यूपीएस, ईपीएस : कुणाच्या हातात किती, आणि घराघरांत फरक का पडतो

निवृत्तीनंतर महिन्याला किती पैसे येणार, हे आता माणसाने किती वर्षं घाम गाळला यापेक्षा तो कोणत्या तारखेला आणि कुणाकडे नोकरीला लागला यावर ठरतं. सीमाभागात तर नोकरी कोणत्या राज्याची, हाही प्रश्न त्यात येतो. पेन्शन राहत्या गावाच्या राज्याप्रमाणे मिळत नाही, नोकरी ज्या सरकारची त्याच्या नियमाप्रमाणे मिळते.

तारखेची रेषा

केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीसाठी (सैन्यदलं सोडून) जुनी पेन्शन बंद केली आणि एनपीएस आणली. त्यानंतर राज्यांनी आपापल्या तारखा ठरवल्या :

- अविभाजित आंध्र प्रदेश (हैदराबादसह) : १ सप्टेंबर २००४
- मध्य प्रदेश : १ जानेवारी २००५
- गुजरात : १ एप्रिल २००५
- गोवा : ५ ऑगस्ट २००५
- महाराष्ट्र : १ नोव्हेंबर २००५
- कर्नाटक : १ एप्रिल २००६

याचा अर्थ असा, की डिसेंबर २००५ मध्ये बेळगावात कर्नाटक सरकारच्या नोकरीला लागलेला कारकून जुन्या पेन्शनमध्ये, तर त्याच महिन्यात चंदगडला महाराष्ट्र सरकारकडे लागलेला एनपीएसमध्ये. काम तेच, मधलं अंतर तासाभराचं. भरतीची जाहिरात आधीची आणि नेमणूक नंतरची, अशांना केंद्राने मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनचा पर्याय दिला. पुढे महाराष्ट्र आणि कर्नाटकानेही तसे आदेश काढले.

हिशेब कसा बसतो

जुनी पेन्शन : शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता. मूळ पगार ६०,००० असेल तर ३०,००० आणि भत्ता. कर्मचाऱ्याच्या पगारातून यासाठी काही कापलं जात नाही. पैसा थेट तिजोरीतून येतो.

एनपीएस : कर्मचाऱ्याचे १० टक्के, केंद्राचे १४ टक्के (१ एप्रिल २०१९ पासून), आणि ही रक्कम बाजारात गुंतते. सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीवेळी ६० टक्क्यांपर्यंत रक्कम हातात मिळते, किमान ४० टक्क्यांची मासिक पेन्शन विमा कंपनीकडून घ्यावी लागते. समजा ५० लाख जमले, तर ३० लाख हातात आणि २० लाखांची पेन्शन. दर ६ टक्के धरला तर महिन्याला १०,०००. यावर महागाई भत्ता नाही.

यूपीएस : केंद्रात १ एप्रिल २०२५ पासून लागू. २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्के, आणि महागाईची वाढही मिळते. किमान १० वर्षं सेवेला महिन्याला १०,०००. मात्र पगारातून १० टक्के कापले जातात. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही ऑगस्ट २०२४ मध्ये ही योजना मंजूर केली.

ईपीएस-९५ : कारखाने, दुकानं आणि खासगी कंपन्यांतल्या कामगारांची. नियम केंद्राचा, त्यामुळे उद्यमबाग, इचलकरंजी की वेर्णा, सगळीकडे सारखा. सूत्र सोपं आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. सप्टेंबर २०१४ मध्ये पगाराची मर्यादा १५,००० आणि किमान पेन्शन १,००० ठरली. १५,००० पगारावर २० वर्षं भरली, तर दोन वर्षांच्या वाढीव सेवेसह महिन्याला ४,७१४ रुपये.

यापैकी काहीच नसलेला वर्ग सगळ्यात मोठा : शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बायका, हातगाडीवाले. गरीब वृद्धांना कर्नाटकात संध्या सुरक्षा योजनेतून १,२००, महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतून १,५०० आणि गोव्यात दयानंद योजनेतून २,००० रुपये मिळतात.

खरी दरी कुठे आहे

जुने पेन्शनर आणि नवे कर्मचारी असा वाद नेहमी रंगतो. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी याच मागणीसाठी संपावर गेले होते. पण दरी फक्त दोन पिढ्यांमध्ये नाही. ती तरुणांच्या आपसातही आहे, आणि तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही.

ज्याच्या वडिलांना पेन्शन आहे, त्याला घर बहुतेक वडिलांनी बांधलेलं मिळतं, आईवडिलांच्या औषधांचा खर्च त्याच्या पगारावर पडत नाही, आणि स्वतःची गुंतवणूक पंचविशीतच सुरू होते. ज्याच्या वडिलांना १,२०० रुपये येतात, तो आधी त्यांना सांभाळतो, मग घराचा हप्ता भरतो, आणि उरलं तर स्वतःच्या म्हातारपणासाठी ठेवतो. पगार सारखा असला तरी वीस वर्षांनी दोघांच्या शिलकीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पुढे हाच फरक त्यांच्या मुलांच्या वाट्याला येतो.

पुढे पैसा कुठून येणार

जुन्या पेन्शनचा पैसा आज काम करणाऱ्यांच्या करातून जातो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्र आणि कर्नाटकात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं, गोव्यात १.३. म्हणजे उद्या कर भरणारे हात कमी आणि पेन्शन घेणारे जास्त. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेशाने जुनी पेन्शन परत आणायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने याच भविष्यातल्या बोजाचा इशारा दिला होता. कर्मचाऱ्यांची बाजूही खोटी नाही : बाजार पडला की म्हातारपण पडतं, ही भीती कुणालाही वाटेल. पण ज्या मजुराला स्वतःला पेन्शन नाही, तोही साबणापासून चपलेपर्यंत कर भरतोच, हे या वादात विसरलं जातं.

आज काय तपासावं

- नोकरी बदलताना, राज्य बदललं तरी, यूएएन एकच ठेवा. ईपीएस पेन्शनला एकूण १० वर्षं सेवा लागते. दर वेळी पैसे काढून घेतले की आधीची वर्षं वाया जातात. काढण्याऐवजी १०-सी अर्जावर स्कीम सर्टिफिकेट मागता येतं.
- सरकारी नोकरीत असाल तर जाहिरातीची आणि नेमणुकीची तारीख, दोन्ही कागद जपून ठेवा.
- कुठेच पेन्शन नसेल, वय १८ ते ४० असेल आणि आयकर भरत नसाल, तर अटल पेन्शन योजना आहे. साठीनंतर महिन्याला ५,००० हवे असतील तर १८ व्या वर्षी हप्ता २१० रुपये, चाळिशीत तोच १,४५४.