दोत्रिनीच्या वर्गात विचारलेला प्रश्न



घरदार सोडून दूरदेशी सुवार्ता सांगायला गेलेले तरुण मिशनरी आम्हाला बहुधा चित्रांतच भेटतात. हातात क्रूस, नजर आकाशाकडे. पण सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत असा माणूस करत काय असेल? कुणाशी बोलत असेल, कोणत्या भाषेत? आमच्या तुयेहून निघून शापोरा, मांडवी आणि जुवारी ओलांडली की साष्टी लागते. तिथे असा एक मिशनरी चाळीस वर्षे राहिला. चर्चने त्याला संतपद दिलेले नाही, त्यामुळे त्याचा सण येत नाही आणि प्रवचनात नावही क्वचितच येते. म्हणून हा लेख.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्टशायर परगण्यातला. एलिझाबेथ राणीच्या त्या काळात कॅथलिक असणे धोक्याचे होते. थॉमस पाऊंड नावाच्या श्रीमंत मित्राबरोबर, त्याच्या नोकराच्या वेशात, ते वावरत. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घ्यायचे ठरवले होते. पाऊंड पकडले गेले आणि पुढची सुमारे तीस वर्षे बहुतेक तुरुंगातच राहिले. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले आणि 1575 साली येशूसंघात दाखल झाले.

4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून निघालेला त्यांचा गलबतांचा काफिला 24 ऑक्टोबरला गोव्याला लागला. सहा महिन्यांहून जास्त प्रवास. पोचल्यावर तीन आठवड्यांच्या आत त्यांनी वडिलांना पत्र लिहिले. तीस वर्षांच्या मुलाने बापाला लिहावे तसेच ते पत्र आहे: वारे कसे फिरले, कोणते पक्षी दिसले, कोणते मासे जहाजामागे लागले. हिरड्या सुजून कापाव्या लागतात, पाय सुजतात, माणूस हलेनासा होतो, हेही त्यात आहे. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली, 27 दगावली आणि जाणत्यांनी हा आकडा कमीच मानला. आखाती देशात किंवा जहाजावर कामाला गेलेल्या मुलाची खुशाली वाचणाऱ्या आमच्याकडच्या आईबापांना हे पत्र परके वाटणार नाही. फरक एवढाच, की स्टीफन्स पुन्हा कधी घरी गेले नाहीत.

त्यांना साष्टीत पाठवले गेले. ती साष्टी शांत नव्हती, हे आपण ख्रिस्ती लोकांनी स्पष्ट बोलायला हवे. 1567 च्या सुमारास तिथली देवळे रायतूरच्या किल्लेदाराच्या हुकमाने पाडली गेली होती. जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी फादर रुडॉल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांना ठार केले. मृतदेह मिळवून त्यांना माती देण्याचे काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. नंतर कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. आमच्या मते या दोन्ही गोष्टी एका दमात सांगायच्या असतात. फक्त पहिलीच सांगितली तर इतिहास अर्धा राहतो आणि प्रार्थनाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी भावाला पत्र लिहिले. त्यात कुंकळ्ळीची हकीकत आहे. पण त्याच पत्रात माडाचे वर्णनही आहे, एका झाडापासून तेल, सूर, गूळ, व्हिनेगर, दोर आणि छपराला झावळ्या कशा मिळतात ते. आणि इथल्या भाषांबद्दल एक निरीक्षण आहे, की त्यांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी नाते सांगते. भाषाशास्त्राच्या इतिहासात या वाक्यांना आज मोठा मान आहे. आम्हाला वेगळेच वाटते. नुकतीच सोबत्यांना माती दिलेला माणूस ज्या लोकांच्या हातून ते मेले त्यांचीच भाषा कान देऊन ऐकत होता.

पुढची वर्षे याच ऐकण्यात गेली. मिस्सा, कबुलीजबाब, आजारी माणसांच्या घरी जाणे, मुलांची दोत्रिन. त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले, कोकणीत दोत्रिन लिहिली; दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. मराठीत मात्र ओवीला हात घातला. त्यातून 1616 साली रायतूरला ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले: दोन भाग, 95 अवस्वरू म्हणजे अध्याय, जवळजवळ 11,000 ओव्या. त्यांत स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे, पवित्र मरियेला अंकुवारी.

पुराण का लिहिले, हे ग्रंथाच्या सुरुवातीलाच आले आहे. पाद्री साष्टीतल्या चर्चमध्ये मुलांना दोत्रिन शिकवत असतात. नवा बाप्तिस्मा घेतलेला एक ब्राह्मण येऊन विचारतो: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी दुसरे पुराण का देत नाही? आम्ही काय वाचावे?

आम्हीही दोत्रिन शिकवतो, म्हणून हा प्रसंग आम्हाला सोडत नाही. त्या माणसाला पाठ केलेली उत्तरे पुरत नव्हती. देवळातल्या पोथीभोवती जमणारी संध्याकाळ त्याच्याकडून गेली होती आणि तिच्या जागी काही आले नव्हते. तक्रार खरी होती. तिची दखल घेऊन उत्तर द्यायचे तर परक्या माणसाला आधी मराठी संतकवींची ओवी अंगी मुरवावी लागणार होती. स्टीफन्स यांनी ते केले. पुराण छापले तेव्हा ते पासष्टीच्या पुढे होते. तीन वर्षांनी, 1619 साली, ते गोव्यातच वारले.

एक इच्छा मात्र राहून गेली. 1608 साली त्यांनी रोमला येशूसंघाच्या प्रमुखांना लिहिले होते, की इथल्या भाषेतली पुस्तके इथल्याच लिपीत छापलेली पाहावीत असे आपल्याला फार वर्षे वाटते. अडचण खिळ्यांची होती. युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, इथे जोडाक्षरांसह शेकड्यांनी साचे ओतावे लागणार. शेवटी पुराण रोमन अक्षरांतच निघाले. 1649 आणि 1654 साली ते पुन्हा छापले गेले. 1684 साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. आमचे पेडणे तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हते. ते आणखी शंभर वर्षांनी गेले. छापलेल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

ग्रंथ वाचला तो हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घरांनी त्या जपल्या. त्यांवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 साली मंगळूरला पुराण पुन्हा छापले, तेही रोमन लिपीत. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात निघाली 1956 साली. फादर स्टीफन्स यांच्या त्या पत्राला तेव्हा 348 वर्षे झाली होती.