गाणे ऐकल्याने सरते काय?

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंजी (मोठी) हे गाव लागते. स्वस्त इंटरनेट घरोघरी येण्यापूर्वी, म्हणजे २०१६ च्या आधीच्या काही वर्षांत, विदर्भातील इतर गावांप्रमाणे येथेही मोबाइलच्या दुकानात ‘चिप भरून’ मिळत असे. मेमरी कार्ड आणि दहा-वीस रुपये दुकानदाराच्या हाती ठेवावेत, आणि त्याच्या संगणकातील शेकडो गाणी व एखाददुसरा सिनेमा खिशात घालून घरी जावे, असा तो सरळ व्यवहार होता. हे कायद्यात बसत नाही, असे आम्ही एकदा म्हणून पाहिले. दुकानदाराने उलट आम्हांलाच विचारले, “गाणं आयकल्यानं सरते का जी? तुमाले देल्लं तरी माह्यापाशी आहेच ना!” शेजारी टेकलेले एक वयस्क शेतकरी मात्र पुटपुटले, “अन् ज्यानं गायलं, त्याच्या हाती काय आलं मंग?”

कॉपीराइटवरील वाद बहुतेक या दोन प्रश्नांत आला आहे. नकलेने मूळ वस्तू कमी होत नाही, म्हणून ती चोरी नव्हे, हा एक पक्ष. पेरणाऱ्याला पीक मिळालेच पाहिजे, हा दुसरा. आमच्या जिल्ह्यात तिसरा आवाजही हमखास उठतो: गांधी-विनोबांच्या भूमीत ज्ञानावर कसली आली मालकी? हा आवाज ऐकावयास गोड आहे. तो इतिहासाला धरून आहे काय, हे तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मराठीत छापखाना येण्यापूर्वी नकलणे हीच प्रकाशनाची रीत होती आणि पोथी नकलणे पुण्यकर्म मानले जाई. परंतु नक्कल जितकी मोकळी, तितका पाठ बिघडण्याचा धोका मोठा. म्हणूनच एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. नक्कल करू नका, असे ते म्हणाले नाहीत. पदरचे मिसळू नका, एवढेच म्हणाले. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमात लेखकाला आपले नाव सांगण्याचा आणि कृतीची विकृती रोखण्याचा जो विशेष अधिकार मानला आहे, त्याचे बीज आम्हांला या ताकिदीत दिसते.

दुसरी वाट महानुभावांची. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे त्यांचे महास्थान; तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ तेथेच सिद्ध केले. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवले. आजच्या भाषेत हे कुलूपच होय. २०१२ च्या दुरुस्तीने आमच्या कायद्यात ६५अ हे कलम आले आणि हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप फोडणे हा गुन्हा ठरला. कुलपाची कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. त्या कुलपाने ग्रंथ राखले, हे मान्य केलेच पाहिजे. पण विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा प्रसिद्ध करीपर्यंत मराठी वाचकाला आपल्याच भाषेतील आरंभीचे थोर गद्य जवळपास अज्ञात राहिले. रक्षण झाले आणि वंचनाही झाली.

आता गांधींकडे वळू. ‘हिंद स्वराज्य’ची इंग्रजी आवृत्ती १९१० साली दक्षिण आफ्रिकेतील त्यांच्या फिनिक्स वसाहतीतील छापखान्यातून निघाली. कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत, अशा अर्थाची ओळ तीवर छापलेली होती. मूळ गुजराती पुस्तकावर मुंबई सरकारने त्याच वर्षी बंदी घातली. एप्रिल १९१९ मध्ये, रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात, गांधींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुन्हा छापून मुंबईच्या रस्त्यांवर उघडपणे विकले. सरकारने मग अशी भूमिका घेतली, की हे पुनर्मुद्रण म्हणजे नवी आवृत्ती. बंदी होती ती जुनीवर! नक्कल आणि मूळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, असे सरकारनेच मान्य करावे, हा योग मोठा गमतीचा आहे.

येथवर तिसऱ्या आवाजाचे म्हणणे खरे ठरते. परंतु इतिहास येथे थांबत नाही. आत्मकथेच्या परदेशी प्रकाशनाचा प्रश्न आला तेव्हा गांधींनी कॉपीराइटचा आधार घेतला. आणि सेवाग्रामपर्वात, १९४० नंतरच्या काळात, आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टकडे सोपविले. हक्क न राखणारा माणूस हक्क राखू लागला. ही विसंगती नव्हे, असे आमचे मत आहे. शब्दांची मोडतोड होऊ नये, पुस्तक स्वस्त राहावे आणि आलेला पैसा लोककार्याला जावा, यासाठी मालकी नाकारण्यापेक्षा ती विश्वस्त म्हणून सांभाळणे त्यांना पटले असावे. धनाविषयी जे ते सांगत आले, तेच त्यांनी अक्षराला लावले.

१९५७ च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क दिला होता. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील विश्वभारतीचे हक्क १९९१ अखेर संपणार, तेव्हा ही मुदत ६० वर्षांची करण्यात आली. परिणामी गांधींचे लेखनही १९९८ ऐवजी २००८ अखेर मुक्त झाले. नवजीवनने मुदतवाढ मागितली नाही. विश्वस्ताने वेळ आली की किल्ली खाली ठेवावी, याचा हा नमुना होय.

विनोबांची कथा आमच्या आणखी जवळची. आंजीजवळून वाहणारी धाम नदी पुढे पवनारला त्यांच्या आश्रमापाशी जाते. त्यांनी ‘गीताई’ १९३०-३१ मध्ये वर्ध्यास रचली. मूळ गीता कोणाच्याच मालकीची नाही. वर्ध्याजवळ गोपुरीला गीताईचे श्लोक शिलांवर कोरून उघड्या आकाशाखाली उभे केले आहेत. कोणीही जावे आणि वाचावे. तरी विनोबांचे निधन १९८२ चे असल्याने कायद्याच्या हिशेबाने त्यांच्या साहित्याची मुदत २०४२ अखेर संपेल. धुळे तुरुंगात १९३२ साली त्यांनी दिलेली गीता-प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली. गुरुजींचे स्वतःचे लेखन मात्र २०१० अखेर मुक्त झाले आणि ‘श्यामची आई’ आज अनेक प्रकाशकांकडून निघते.

हा इतिहास आम्ही चाळला, त्याला एक घरचे कारण आहे. जिल्ह्यातील एका गावच्या वाचनालयात एका दिवंगत लेखकाच्या पुस्तकाची प्रत आहे. प्रकाशन संस्था बंद पडली, वारसांचा पत्ता लागत नाही, पाने वाळवीने खाल्ली आहेत. आम्ही तिची छायाचित्रे काढून संगणकात ठेवली. २०१२ च्या दुरुस्तीनुसार ना-नफा सार्वजनिक वाचनालयाला जवळच्या ग्रंथाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. पण ती इंटरनेटवर सर्वांसाठी मांडता येत नाही. त्यासाठी परवाना मागण्याची वाट कायद्यात आहे, पण गावच्या वाचनालयाने ती चालावी कशी? हक्क असलेला माणूस सापडत नाही, आणि वाचू इच्छिणारा दारात उभा आहे. प्रत अजून आमच्या संगणकातच आहे. हे लिहिताना आम्हांला महानुभावांचे कुलूप आठवते, आणि ते आता आमच्याच हाती आहे, याची खंत वाटते.

म्हणून आमचा कौल असा. दुकानदाराचा प्रश्न खरा, पण अर्धा. शेतकऱ्याचा प्रश्न दुसरा अर्धा. आणि गांधींचे नाव घेणाऱ्यांनी त्यांची १९१० ची ओळ तेवढी सांगू नये, नवजीवनचा ट्रस्टही सांगावा. हक्क कोणाचा, हे विचारून झाल्यावर तो कोणासाठी सांभाळला जात आहे, हेही विचारले पाहिजे. जो हक्क पाठ राखतो, किंमत आवाक्यात ठेवतो आणि मुदतीला सुटतो, त्याचा मान ठेवावा. जो केवळ कुलूप म्हणून उरला आहे, तो बदलण्यासाठी कायदेमंडळाकडे मागणी करावी.

‘चिप भरण्याचा’ धंदा आता बसला आहे. गाणी तारेविना थेट फोनवर येतात. बऱ्याच ठिकाणी महिन्याचे पैसे भरले की ऐकता येतात, भरले नाहीत की बंद होतात. भरलेली चिप निदान घरी राहत असे. त्या दुकानदाराने आज तोच प्रश्न विचारला, तर आम्हांला म्हणावे लागेल: होय भाऊ, आता गाणे सरते, रिचार्ज संपला की सरते.